घरगुती बिअर, तिचे गणित आणि संगणक

कला महाविद्यालयाच्या वार्षिक अंकात बिअरवर लेख, आणि तोही तिवसा येथून! काही वाचकांच्या कपाळाला आठी पडेल हे मी गृहीतच धरले आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा गुरुकुंज आश्रम आमच्याच तालुक्यात, मोझरीला आहे. व्यसनाविरुद्ध त्यांनी खंजिरीच्या तालावर जे सांगितले ते या भागातील घराघरांत पोचलेले आहे. कौंडण्यपूरच्या घाटावर उभे राहिले की नदीच्या पलीकडे दारूबंदीचा वर्धा जिल्हा दिसतो. अशा ठिकाणी हा विषय घेताना आरंभीच एक खुलासा केलेला बरा. या लेखात पिण्याची शिफारस नाही. परदेशात जे लोक घरी बिअर तयार करतात ते आपल्या पाककृतीचा हिशेब संगणकावर कसा करतात, त्या हिशेबाचे प्रोग्रॅम कोठे फसतात आणि त्यांतला एक निवडायचा झाल्यास काय पाहावे, एवढेच सांगायचे आहे.

मला या विषयाचा नाद लागला तो माझ्या आतेभावामुळे. तो नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये लीड्सला असतो आणि हिवाळ्यात घरी बिअर करतो. मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी, सांख्यिकीचा पेपर घेतलेला, म्हणून त्याने आपली आकड्यांची वही मला पाठवली आणि विचारले, "बाबू, यातला कोणता प्रोग्रॅम खरं बोलते ते पाह्य बरं." एका प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता बरेच काही हाती लागले, ते येथे मांडतो.

प्रथम कायद्याचे पाहू. महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा १९४९ च्या दारूबंदी अधिनियमाखाली गुन्हा आहे, मग ते घरच्या घरी आणि स्वतःपुरते का असेना. या कायद्याखाली पिण्यासाठीसुद्धा परवाना लागतो, ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. आपल्या वऱ्हाडात तर त्याहीपूर्वी, १९३८ साली, मध्यप्रांत व वऱ्हाडचा दारूबंदी कायदा झालेला होता. इंग्लंडमध्ये घरी बिअर करण्यास लागणारा परवाना १९६३ साली रद्द झाला. अमेरिकेत अध्यक्ष कार्टर यांनी १९७८ साली ज्या विधेयकावर सही केली त्यामुळे एका प्रौढ व्यक्तीला वर्षाला १०० गॅलन आणि दोन वा अधिक प्रौढांच्या कुटुंबाला २०० गॅलन बिअर करविना करण्याची मुभा मिळाली. तेव्हा या प्रोग्रॅमांचा जन्म तिकडेच व्हावा हे साहजिक होते. आपल्या राज्यात या विद्येचा कायदेशीर मार्ग परवानाधारक कारखान्यातून जातो. पुण्यात २००९ साली 'डूलाली' ही महाराष्ट्रातील पहिली छोटी भट्टी, म्हणजे मायक्रोब्रुअरी, निघाली. त्यानंतर अशा भट्ट्या वाढल्या, आणि तेथे काम करणारी मराठी मुले हेच हिशेब रोज करतात.

आता कोणी म्हणेल, दारू करायला हिशेब कशाला? आमच्याकडे तर हिशेबावाचून गावोगाव निघते. खरे आहे. अमरावतीच्या वर्तमानपत्रात ही बातमी वरचेवर असते : पोलिसांची धाड, अमुक लिटर सडवा मोहामाच नष्ट. मोहाच्या वाळलेल्या फुलांत साखर भरपूर असते. ती पाण्यात भिजवून आंबवली की सडवा तयार होतो आणि तो भट्टीवर चढवला की दारू उतरते. पण त्या सडव्यात साखर किती होती आणि उतरलेल्या दारूत अल्कोहोल किती, हे करणारा सांगू शकत नाही आणि पिणारा विचारत नाही. बाटलीवर आकडा नाही, म्हणून शरीराला किती गेले याचाही पत्ता नाही. यापुढची पायरी म्हणजे जून २०१५ मध्ये मुंबईतील मालवणी येथे घडलेला प्रकार. विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. पुष्कळांचा असा समज असतो की आंबवण्यातच विष तयार होते. तसे नाही. धान्य आंबवताना मिथेनॉल अगदी नगण्य तयार होते. मालवणीसारख्या घटनांत ते बाहेरून, स्वस्तात मिळते म्हणून मिसळलेले असते. ज्या धंद्यात मोजमापच नाही तेथे भेसळ पकडणार तरी कशाने?

असो. मूळ विषयाकडे येऊ.

बिअर म्हणजे मोड आणून वाळवलेल्या सातूचे, म्हणजे माल्टचे, आंबवलेले पाणी. मोड येताना दाण्यात काही विकरे तयार होतात. भरडलेला माल्ट साधारण ६२ ते ७० अंश सेल्सियस तापमानाच्या पाण्यात तासभर ठेवला की ती विकरे पिठाची साखर करतात. हे गोड पाणी गाळून घ्यायचे. त्याला वर्ट म्हणतात. ते हॉप्स नावाच्या वेलीची कडू फुले घालून तासभर उकळायचे, थंड करायचे आणि यीस्ट सोडायचे. यीस्ट साखर खाते आणि अल्कोहोल व कर्बवायू देते. आमच्या घरी उन्हाळ्यात ज्वारीची आंबील होते तीही आंबवण्याचीच करामत; तेथे मात्र काम जिवाणूंचे असते आणि चव आंबट येते. आजीला एकदा पिठाचे माप विचारले तेव्हा ती म्हणाली, "माप कायचं रे बाबू, हाताले समजते." आजीचा हात चाळीस-पन्नास वर्षांचा आहे. लीड्सच्या स्वयंपाकघरात वर्षातून सहा वेळा बिअर करणाऱ्याचा हात तयार व्हायला तेवढी वर्षे कोण देणार? त्या हाताची उणीव आकड्यांनी भरून काढायची, हाच पाककृतीच्या प्रोग्रॅमचा उद्देश.

या आकड्यांत मुख्य आकडा विशिष्ट गुरुत्वाचा. दूध डेअरीवर लॅक्टोमीटर बुडवून दुधात पाणी किती ते पाहतात, त्याच जातीचे हायड्रोमीटर नावाचे उपकरण वर्टमध्ये सोडतात. साध्या पाण्याचे गुरुत्व १.०००, साखर विरघळली की ते वाढते. आंबवण्यापूर्वी १.०५४ असेल तर त्याला ५४ गुण म्हणू. यीस्टने साखर खाल्ली की गुण उतरतात, समजा १३ किंवा १४ वर येतात. आधीच्या आणि नंतरच्या गुरुत्वातील फरकाला १३१.२५ ने गुणले की अल्कोहोलचे घनफळी शेकडा प्रमाण मिळते. हा गुणक साध्या बिअरला पुरतो. फार जड बिअरला तो कमी उत्तर देतो, आणि चांगला प्रोग्रॅम तेथे दुसरे सूत्र वापरण्याची सोय ठेवतो.

एक उदाहरण घेऊ. पाच किलो माल्ट, वीस लिटर बिअर. चांगल्या माल्टच्या एका किलोतून जास्तीत जास्त सुमारे ३०९ गुण-लिटर निघू शकतात; म्हणजे एका लिटरात ३०९ गुण, किंवा दहा लिटरांत सुमारे ३१. पण सगळी साखर कधीच हाती लागत नाही. काही कोंड्यात राहते, काही भांड्याच्या तळाशी. म्हणून प्रोग्रॅम एक कार्यक्षमता धरतो. आतेभावाच्या प्रोग्रॅमने ती न विचारताच ७० टक्के धरली होती. पाच गुणिले ३०९ गुणिले ०.७०, भागिले वीस. उत्तर ५४ गुण. पंच्याहत्तर टक्के साखर आंबली तर अल्कोहोल ५.३ टक्के. पडद्यावर हा आकडा मोठ्या दिमाखात, दशांशासह येतो. कार्यक्षमता ६१ टक्के घातली की गुण ४७ आणि अल्कोहोल ४.६ टक्के. माल्ट तोच, पाणी तेच, भांडेही तेच. आकडा बदलला तो एका न विचारलेल्या गृहीतामुळे. म्हणून निवडीची माझ्या दृष्टीने पहिली कसोटी ही, की प्रोग्रॅमने धरलेली गृहीते उघड दिसतात का आणि ती बदलता येतात का. रंगीत चित्रे, ग्लासात भरत जाणारी सोनेरी बिअर, या गोष्टी नंतर पाहाव्यात. त्या नाही पाहिल्या तरी चालेल.

कडूपणाचे गणित याहून मौजेचे आहे. हॉप्समधील आम्ल उकळताना बदलते आणि पाण्यात उतरते. किती उतरले ते आंतरराष्ट्रीय कडूपणा एककात, आय. बी. यू. मध्ये सांगतात. पण उकळण्याच्या वेळात नेमके किती उतरेल याला एकच सर्वमान्य सूत्र नाही. ग्लेन टिन्सेथ यांचे एक आहे, रेगर यांचे दुसरे आहे. ६ टक्के आम्ल असलेले ३० ग्रॅम हॉप्स, वीस लिटर, १.०५४ गुरुत्व आणि साठ मिनिटे उकळी, एवढी सामग्री मी दोन्ही सूत्रांत हाताने घातली. टिन्सेथ यांच्या सूत्राने २० आले, रेगर यांच्या सूत्राने २७. जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याचा फरक! यातले खरे कोणते? दोन्ही आपापल्या भांड्यांवरून, आपापल्या अनुभवावरून बेतलेली अंदाजाची सूत्रे आहेत. बिअर करणाऱ्याने एक सूत्र धरावे आणि सोडू नये, म्हणजे या खेपेची तुलना मागच्या खेपेशी करता येते. धोका आहे तो एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात जाताना. जुन्या प्रोग्रॅममध्ये रेगरने काढलेला २७ चा आकडा लक्ष्य म्हणून टिन्सेथवर चालणाऱ्या नव्या प्रोग्रॅममध्ये घातला तर तो हॉप्स वाढवायला सांगेल, आणि बिअर कडूझार होईल. तेव्हा सूत्राचे नाव प्रोग्रॅमने सांगितलेच पाहिजे. शिवाय ही सूत्रे पाणी १०० अंशांच्या आसपास उकळते असे धरतात. आपल्या चिखलदऱ्याला, अकराशे मीटर उंचीवर, पाणी सुमारे ९६ अंशालाच उकळते आणि कडूपणा कमी उतरतो. काही प्रोग्रॅममध्ये उंचीचे सदर असते, पुष्कळांत नसते.

रंगाचेही असेच एक सूत्र आहे. ते सोडून देतो. रंग डोळ्यांना दिसतोच.

पाण्याविषयी मात्र थांबावे लागेल, कारण वऱ्हाडच्या माणसाला पाण्याचे दुखणे सांगावे लागत नाही. अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यात जो खारपाणपट्टा पसरला आहे तेथील विहिरीचे पाणी पिकालाही मानवत नाही. बिअरमध्ये नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते, आणि युरोपात कोणत्या गावी कोणती बिअर नावारूपाला आली हे पुष्कळसे तेथील पाण्याने ठरवले. इंग्लंडमधील बर्टनच्या पाण्यात जिप्समचा, म्हणजे सल्फेटचा, भरणा. तेथे कडक, कडवट बिअर जमली. बोहेमियातील पिल्सेनचे पाणी अतिशय मृदू. तेथे फिकट सोनेरी बिअर जमली. यामागचे कारण असे की माल्ट भिजवलेल्या पाण्याची आम्लता साधारण ५.२ ते ५.६ पीएच असली तर विकरे नीट काम करतात. पाण्यातील बायकार्बोनेट ती वर ढकलते, कॅल्शियम खाली ओढते. (पीएच हे मापच मुळी सोरेन्सन या शास्त्रज्ञाने १९०९ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सुचवले, ती प्रयोगशाळा एका बिअर कारखानदाराने काढलेली होती.) चांगला प्रोग्रॅम पाण्याचा अहवाल मागतो आणि कोणते क्षार किती ग्रॅम घालायचे ते सांगतो. काहींत हा भाग नावापुरताच असतो. मग लोक 'ब्रून वॉटर' नावाचे स्वतंत्र कोष्टक वापरतात, जे साध्या स्प्रेडशीटवर चालते.

येथे एक फसगत हमखास होते. आपल्याकडच्या प्रयोगशाळा पाण्याची क्षारता आणि कठीणपणा कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात देतात. प्रोग्रॅम बहुधा बायकार्बोनेट आणि कॅल्शियम मागतो. अहवालात क्षारता २०० असेल तर बायकार्बोनेट २४४ होते, कारण १.२२ ने गुणावे लागते. आणि कॅल्शियममुळे आलेला कठीणपणा असेल तर त्याला २.५ ने भागल्यावर कॅल्शियम मिळते. दोनशेचा आकडा जसाच्या तसा त्या रकान्यात भरला तर प्रोग्रॅम तक्रार करणार नाही. तो निमूटपणे चुकीचे उत्तर देईल. मापांचा घोळ गॅलनमध्येही आहे. अमेरिकन गॅलन ३.७८५ लिटरचा, ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटरचा. इंग्लंडच्या जुन्या पुस्तकातील पाककृती अमेरिकन प्रोग्रॅममध्ये तशीच उतरवली की पाण्यात एकदम सहाव्या हिश्श्याची तूट येते आणि बिअर जोराची होते. प्रोग्रॅम लिटर-किलोमध्ये चालतो की नाही, ही आपल्यासारख्या मेट्रिक पद्धतीत वाढलेल्यांसाठी साधी पण महत्त्वाची कसोटी आहे.

हायड्रोमीटरचेही एक सांगून ठेवतो. ते बहुधा २० अंश तापमानाला बेतलेले असते. लीड्सच्या हिवाळ्यात ठीक. पण आपल्या मे महिन्यात, सावलीत ३८ अंश असताना तेच उपकरण सुमारे पाच गुण कमी दाखवील, कारण तापलेला द्रव विरळ होतो. प्रोग्रॅममध्ये तापमानाच्या दुरुस्तीची सोय असते. ती वापरण्यासाठी शेजारी थर्मामीटर हवे एवढेच.

आता धान्याकडे. या प्रोग्रॅमांच्या सामग्रीच्या यादीत जर्मनीचे, बेल्जियमचे, इंग्लंडचे शेकडो माल्ट असतात. ज्वारीचा माल्ट बहुधा नसतो किंवा असला तरी एखाद्या ओळीपुरता. वस्तुतः आफ्रिकेत ज्वारीची बिअर हे शेकडो वर्षांचे पेय आहे, आणि नायजेरियाने १९८८ साली सातूच्या माल्टची आयात बंद केली तेव्हा तेथील मोठमोठ्या कारखान्यांना आपली बिअर ज्वारी-मक्यावर आणावी लागली. ज्वारीच्या पिठाला फुगून शिजायला सातूपेक्षा अधिक तापमान लागते आणि पिठाची साखर करणारे एक विकर तिच्यात कमी असते. त्यामुळे सातूच्या तापमानावर ज्वारी ठेवली तर साखर फारच कमी निघते. सातूसाठी लिहिलेले सूत्र ज्वारीला लावले की कागदावर ५० गुण आणि भांड्यात ३०, असा प्रकार होतो. म्हणून नवी सामग्री स्वतः नोंदवण्याची आणि तिचे गुण स्वतः ठरवण्याची मोकळीक प्रोग्रॅमने द्यायला हवी. पुण्याची एखादी भट्टी उद्या वऱ्हाडच्या ज्वारीवर प्रयोग करायचा म्हणेल तर तिला हीच अडचण पहिली येईल.

सर्वांत गंभीर गोष्ट बाटलीची. बिअर बाटलीत भरताना थोडी साखर घालतात, म्हणजे बंद बाटलीत ती आंबून फेस तयार होतो. वीस लिटरला साधारण १२० ग्रॅम साखर पुरते. हा हिशेब प्रोग्रॅम बरोबर करतो. पण त्यात एक गृहीत असते, की बिअर पूर्ण आंबून झालेली आहे. प्रोग्रॅम पाककृतीच्या पानावर 'अखेरचे गुरुत्व १.०१२' असा आकडा देतो. हा आकडा भाकीत आहे. कॅलेंडर पाहून दोन आठवडे झाले म्हणून बाटल्या भरल्या आणि प्रत्यक्ष गुरुत्व १.०१८ वरच अडलेले असले, तर उरलेले सहा गुण बाटलीच्या आत आंबतात. एका गुणामागे बिअरच्या घनफळाच्या सुमारे निम्मा कर्बवायू तयार होतो. सहा गुणांचा तिप्पट झाला. शिवाय घातलेल्या साखरेचा वेगळा. नेहमीच्या बिअरमध्ये मिळून अडीचपटीच्या आसपास असतो. एवढा दाब काचेला झेपत नाही. बाटली फुटते, आणि काच कोणाच्या डोळ्यात जाईल ते सांगता येत नाही. यावर उपाय संगणकात नाही. दोन-तीन दिवसांच्या अंतराने हायड्रोमीटर बुडवून आकडा हलत नाही याची खात्री करणे, हाच. जो प्रोग्रॅम भाकीत केलेला आकडा आणि मोजलेला आकडा वेगवेगळ्या रकान्यांत ठेवतो, आणि मोजलेला भरल्याशिवाय अल्कोहोलचा अंतिम आकडा देत नाही, तो मला प्रामाणिक वाटतो. घरच्या बाटलीवर छापील टक्का नसतो. पाहुणा दोन ग्लास घेतो आणि गाडी काढतो. त्याला सांगितलेला आकडा भाकिताचा होता की मोजलेला, याने फरक पडतो.

आता नावे घेतो. १९९० च्या दशकात 'प्रोमॅश' नावाचा प्रोग्रॅम पुष्कळ चालला. पुढे त्याचे काम थांबले. २००३ मध्ये ब्रॅड स्मिथ यांचा 'बिअरस्मिथ' आला. तो स्वतःच्या संगणकावर बसवायचा, विकत घ्यायचा. सामग्रीची यादी मोठी, पण पहिल्यांदा उघडणाऱ्याला रकान्यांची गर्दी पाहून गांगरायला होते. 'ब्रूटार्गेट' हा मुक्त प्रोग्रॅम आहे, फुकट मिळतो, त्याचा मूळ संकेतही उघडा असल्यामुळे कोणते सूत्र कसे वापरले ते जाणकाराला वाचता येते. 'ब्रूअर्स फ्रेंड' आणि 'ब्रूफादर' हे जाळ्यावर चालणारे. त्यांतला ब्रूफादर नॉर्वेचा. ते दिसायला नेटके, फोनवरही चालतात, पण नोंदी ठेवल्या जातात त्यांच्या घरी आणि पूर्ण वापरासाठी वर्गणी भरत राहावी लागते.

या शेवटच्या मुद्द्यावर आतेभावाचे बोट भाजलेले आहे. त्याने आधी वर्गणीचा एक प्रोग्रॅम घेतला होता. त्याचे नाव येथे नको. एका वर्षी नोकरी सुटली, वर्गणी भरली नाही, आणि तीन वर्षांच्या नोंदी कुलपात गेल्या. पाककृती त्याच्या, घाम त्याचा, किल्ली दुसऱ्याकडे. आमच्या गावात धान्य सावकाराच्या कोठारात ठेवणाऱ्यांच्या कथा आजोबा सांगत, त्याची मला आठवण झाली. यावर तोड आहे. 'बिअरएक्सएमएल' नावाची नोंदींची एक सामाईक पद्धत ठरलेली आहे. तिच्यात उतरवलेली पाककृती एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात नेता येते. पैसे भरण्यापूर्वी एक पाककृती बाहेर काढून दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडून पाहावी. उघडली आणि आकडे तेच राहिले तर पुढचे बोलावे. माझ्या मते गृहीते दिसणे ही पहिली आणि नोंदी बाहेर नेता येणे ही दुसरी कसोटी. बाकी सर्व आवडीनिवडीचे.

आमच्या वर्गबंधूंना एक योगायोग सांगण्यासारखा आहे. सांख्यिकीच्या पेपरात आपण 'स्टुडंटची टी कसोटी' घोकतो. हा 'स्टुडंट' म्हणजे विल्यम गॉसेट. १८९९ साली तो डब्लिनच्या गिनेस बिअर कारखान्यात नोकरीला लागला. सातू आणि माल्ट यांवरचे प्रयोग महाग, त्यामुळे नमुने मोजकेच मिळत, आणि त्या काळची सूत्रे मोठ्या नमुन्यांसाठी होती. चार-सहा नमुन्यांवरून काय म्हणता येईल हे त्याने काढले आणि १९०८ साली टोपणनावाने प्रसिद्ध केले. आतेभावाच्या वहीतही सहाच खेपा होत्या. त्याने प्रत्येक खेपेचे गुरुत्व मोजून ठेवले होते, त्यावरून मी कार्यक्षमता काढल्या : ६०, ६२, ५९, ६१, ६३, ६१. सरासरी ६१. प्रमाण विचलन सुमारे १.४, सरासरीची प्रमाण त्रुटी ०.५८, पाच स्वातंत्र्य मात्रांसाठी कोष्टकातील टी २.५७. म्हणजे ९५ टक्के विश्वासाने त्याच्या स्वयंपाकघराची कार्यक्षमता साडेएकोणसाठ ते साडेबासष्टच्या दरम्यान. प्रोग्रॅमने धरलेले ७० या मर्यादेच्या कितीतरी बाहेर. दोष आतेभावाच्या हातचा नव्हता. त्याचे गाळण्याचे भांडेच तसे होते.

ही पाने मी त्याला पाठवली. त्याने ब्रूटार्गेट आपल्या संगणकावर घेतला, कार्यक्षमतेच्या रकान्यात ६१ भरले, सूत्र टिन्सेथचे ठेवले, पाण्यासाठी वेगळे कोष्टक घेतले. त्यानंतरच्या पहिल्या खेपेला प्रोग्रॅमने ४७ गुण सांगितले, हायड्रोमीटरने तापमानाची दुरुस्ती करून ४६ दाखवले. दोन्ही आकडे त्याने बाटलीच्या चिठ्ठीवर शेजारी शेजारी लिहिले आहेत, आणि खाली अल्कोहोलचा टक्का आंबून झाल्यावर भरण्यासाठी जागा मोकळी सोडली आहे.